खोक्याच्या तळाचे नऊ मिलिमीटर

परदेशातल्या गॉलवे शहराच्या पूर्वेकडील औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सरकवण्याच्या, शेवईइतक्या बारीक नळ्या तेथे तयार होतात. त्या कारखान्याच्या जावक विभागात, म्हणजे तयार माल बांधून बाहेर पाठवण्याच्या खोलीत, शोभनाबाई सहा वर्षे काम करीत होत्या. वय एकसष्ट. यजमान प्रकाशराव शहरातील एका भारतीय उपाहारगृहात वीस वर्षे तंदूर सांभाळून आता दुपारपुरतेच स्वयंपाकघरात उभे राहत. गुडघ्यांनी त्यांना तेवढीच मुभा दिली होती. घरभाड्याचा मोठा वाटा त्यामुळे शोभनाबाईंच्या पगारातून जाई.

त्यांच्याविषयीची एक गोष्ट कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हती. त्या नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना वाचता येत नव्हते. नाशिकला तांबटाच्या घरात त्यांचा जन्म झाला. आई आजारी पडली आणि दुसरीच्या वर्गातून त्यांचे नाव निघाले ते कायमचे. सही तेवढी प्रकाशरावांनी गिरवून घेतली होती. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नियमांचे चौदा कागद त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. प्रत्येकाच्या तळाशी ‘मी हे वाचले व मला समजले’ असा मजकूर होता, हे त्यांना पुढे कळले. त्या वेळी त्यांनी शेजारच्या बाईकडे लक्ष ठेवले. तिने पान उलटले तेव्हा यांनीही उलटले, तिने मान हलवली तेव्हा यांनीही हलवली, आणि चौदा ठिकाणी सही केली.

काम मात्र त्यांचे निर्दोष होते. लेबलावरची अक्षरे त्या चित्रासारखी ओळखत. जर्मनीच्या लेबलाला डाव्या अंगाला पट्टा असे. जपानच्या लेबलावर एक आकृती होती, दोन तावदानांच्या खिडकीसारखी. त्या तिला खिडकीच म्हणत. इंग्रजी येणाऱ्या बायकांना ते लेबल परके वाटे; शोभनाबाईंना इंग्रजीही तितकेच परके असल्यामुळे दोन्हींमध्ये त्यांनी कधी भेद केला नाही.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या प्रौढांच्या वर्गात जाऊ लागल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. दुसऱ्या वर्षी त्या बोट धरून, ओठ हलवून, परंतु स्वतःच्या बळावर वाचू लागल्या. त्याच वर्षी शिक्षिकेने प्रत्येकाला एकेक देश निवडून त्याच्याविषयी वाचून सांगण्यास सांगितले. शोभनाबाईंनी खिडकीवाला देश निवडला.

कारण त्या देशाविषयी त्यांना फार दिवसांचे कुतूहल होते. दर गुरुवारी अठ्ठेचाळीस खोकी जपानला जात आणि त्यांचा थाट वेगळाच असे. कोपरा दबलेले खोके चालत नसे. चिकटपट्टीवर सुरकुती चालत नसे. आत नळ्यांना काहीही झालेले नसले तरी बाहेरचा पुठ्ठा खरचटला म्हणून खोके परत आल्याचे त्यांनी पाहिले होते. असे हे लोक आहेत तरी कोण, काय खातात, काय विकतात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

वर्गातल्या पुस्तकातून त्यांना कळले की त्या देशात तेल जवळजवळ नाही, लोखंडाची खनिजे नाहीत, कोळसाही बाहेरून येतो. गहू येतो, गुरांचे खाद्य येते. आणि बाहेर जातात त्या मोटारी, यंत्रे, आणि यंत्रे तयार करणारी यंत्रे. वर्गातील इतरांना याचे नवल वाटले. ज्याच्या घरात काही नाही त्याच्याकडून सारे जग वस्तू कसे घेते, असे एका पोलिश गृहस्थांनी विचारले. शोभनाबाईंना नवल वाटले नाही. त्यांनी उभे राहून सांगितले की आमच्या गल्लीतही तांब्याची खाण नव्हती. मोडीची भांडी बाहेरून येत, कोळसा बाहेरून येई, आणि गल्लीतून बाहेर पडत ते हंडे, घंगाळी आणि बंब. घरचे काय ते हात होते, आणि ठोका कोठे घालायचा याची अक्कल.

शिक्षिकेने ते वाक्य फळ्यावर लिहिले. शोभनाबाईंच्या मनात मात्र दुसराच प्रश्न राहिला. एवढे कसबी लोक आपल्याकडून शेवयांसारख्या नळ्या का घेतात? स्वतःच का करीत नाहीत?

तेव्हापासून त्या दिसेल तेथे जपान शोधू लागल्या. मासळीवाल्याने सांगितले की किनाऱ्यावर उतरणाऱ्या बांगड्यातला काही गोठवून तिकडे जातो. डुकराचे मांस जाते, चीज जाते. उलट दिशेने काय येते हे पाहायला त्यांनी घरातील वस्तू उलट्या करून तळ वाचायला घेतले. प्रकाशरावांना जेवायला बसण्यापूर्वी ताट उलटे झालेले पाहण्याची सवय करून घ्यावी लागली.

“ते पुण्याच्या भांडीबाजारातलं आहे,” ते म्हणाले. “मी आणलंय. जपानला विचारून आणलेलं नाही.”

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी खंडेनवमी आली. ज्या हत्यारावर आपले पोट चालते त्याची पूजा करण्याचा तो दिवस. माहेरी त्या दिवशी हातोडे, ऐरण आणि भाता यांना हळदीकुंकू लावीत, आणि त्या दिवशी पुरे झालेल्या पहिल्या भांड्याच्या तळालाही वडील एक बोट टेकवीत; मगच ते भांडे गिऱ्हाइकाकडे जाई. गॉलवेत शोभनाबाई घरी सुरी, तवा आणि प्रकाशरावांच्या तंदूरच्या सळ्या पुजीत. त्या वर्षी त्यांच्या मनात आले की पोट जेथे चालते ते ठिकाण तर कारखाना आहे. त्यांनी करंडा रुमालात बांधून नेला. चहाच्या सुट्टीत, खोलीत कोणी नसताना, चिकटपट्टीच्या यंत्राला आणि वजनकाट्याला त्यांनी हळदीकुंकू वाहिले, नमस्कार केला आणि लगेच पुसूनही टाकले. नंतर त्या दिवशी बांधलेले पहिले खोके त्यांनी कलते केले आणि त्याच्या तळाला एक बोट टेकवले. तळ कोणी पाहत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

ते खोके जपानचे होते. जपानमध्ये खोक्याच्या सहाही बाजू पाहतात.

दहा दिवसांनी चैत्राली त्यांना शोधत आली. ही पुण्याची मुलगी, वय अठ्ठावीस, मालाच्या गुणवत्तेचे काम पाहणारी. कारखान्यात मराठी बोलणाऱ्या या दोघीच होत्या. तिने शोभनाबाईंना कपाटांच्या आडोशाला घेतले आणि फोनवरचे छायाचित्र दाखवले. पुठ्ठ्यावर एक पिवळा ठिपका, त्यात एक तांबडा ठिपका, आणि शेजारी मोजपट्टी ठेवलेली. पिवळा नऊ मिलिमीटर, तांबडा चार.

“काकू, मी अजून कोणाला काही बोलले नाहीये,” चैत्राली म्हणाली. “पण हे मला सांगायला नको ना, काय आहे ते?”

शोभनाबाईंनी छायाचित्राकडे बराच वेळ पाहिले. त्यांना पहिल्यांदा जे वाटले ते भय नव्हते. एवढ्याशा बोटाची कोणी मोजणी करील, याचेच त्यांना आश्चर्य वाटले.

पुढचे सारे चैत्रालीने हलक्या आवाजात सांगितले. सगळी अठ्ठेचाळीस खोकी तेथे अडवून ठेवली होती. कारखान्यात कोणी गंज म्हणाले, कोणी यंत्राचे तेल म्हणाले, एकाने रक्त म्हणून सगळ्यांना हादरवले. जपानी गिऱ्हाइकाने मात्र तर्क केला नाही. ठिपका खरवडून प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला की पिवळा भाग हळदीचा आहे आणि तांबडा भागही हळदीचाच आहे, फक्त चुना मिसळलेला. तो देश मसाल्यासाठी भरपूर हळद बाहेरून घेतो, तेव्हा ओळखायला त्यांना वेळ लागला नव्हता. कुंकू हळदीचेच असते हे शोभनाबाईंना माहीत होते. जपानमधल्या माणसांनाही आता ते माहीत झाले होते, याची त्यांना गंमत वाटली. ती गंमत फार टिकली नाही.

कारण जावक विभागाचे प्रमुख डेक्लन यांनी पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्या माणसाला फोन केला होता. खोके कोरे येते तेव्हाच त्याच्यावर डाग असणार, असे त्यांचे मत होते. तो माणूस आणि त्याचा भाऊ मिळून पुठ्ठ्याचा लहानसा कारखाना चालवीत. पुढच्या आठवड्यात खुलासा झाला नाही तर त्यांचे काम दुसऱ्याकडे जाणार होते.

जपानी गिऱ्हाइकाने खुलाशासाठी एक कागदही पाठवला होता. त्यावर पाच चौकटी होत्या आणि पाचही चौकटींवर एकच शब्द होता: का. पहिल्या उत्तरावर दुसरा का, दुसऱ्यावर तिसरा, असे पाचव्यापर्यंत जायचे. क्षमा मागण्यासाठी त्या कागदावर जागा नव्हती. ज्याच्या हातून चूक झाली त्याने तो शक्यतो स्वतः भरावा, अशी खाली सूचना होती.

“मी भरते, काकू,” चैत्राली म्हणाली. “सणाचा दिवस होता, माहीत नव्हतं, सॉरी. तीन ओळींत संपवते. तुम्ही फक्त सही करा.”

सही करा हे शब्द ऐकल्यावर शोभनाबाईंच्या लक्षात आले की आपण कशात सापडलो आहोत. माहीत नव्हतं असे लिहिले की पुढचा का येणारच होता. माहीत का नव्हते? नियमाच्या कागदावर तर सही आहे. आणि सही खरी असेल तर त्यांना माहीत होते; माहीत नसेल तर सही खोटी होती. खोट्या सहीवर नोकरी जाते, हे वाचता न येणाऱ्या माणसालाही कळते. एकसष्टाव्या वर्षी दुसरी कोण देणार? त्यांनी विचार करून सांगते एवढेच म्हटले.

घरी प्रकाशरावांनी सगळे ऐकून घेतले. गप्प बसावे, असे त्यांचे स्पष्ट मत पडले. ठिपका पुठ्ठेवाल्याचा नाही हे तो पुठ्ठेवाला सिद्ध करील, नाही केले तर त्याला दुसरी गिऱ्हाइके आहेत. आपल्याला दुसरे काय आहे, असे त्यांनी विचारले. मग बायकोचा चेहरा पाहून ते जरा नरमले.

“चाळीस वर्षं खंडेनवमी करतेस,” ते म्हणाले. “माझ्या सळ्यांना लावलंस, मी कधी मोजलं नाही किती मिलिमीटर ते. एकदा बाहेर केलीस तर थेट जपानला आमंत्रण गेलं.”

“तुम्ही तळ बघत नाही,” शोभनाबाई म्हणाल्या. “ते बघतात.”

शनिवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर चौदा कागद मांडले. चैत्रालीकडून त्यांनी ते मागून आणले होते. सहा वर्षांपूर्वी ज्यांवर सह्या केल्या ते कागद त्या पहिल्यांदाच वाचत होत्या. सातवा कागद लागायला दीड तास गेला. त्यात सरळ लिहिले होते की बाहेरच्या खोक्यावर ठरलेल्या लेबलाखेरीज शाई, रंग किंवा कोणतीही खूण असू नये. वाक्य लहान होते. त्यातला एकही शब्द आता त्यांना अडला नाही.

त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवले आणि तेथेच राहू दिले. नोकरी लागली तेव्हा वाचता येत नव्हते, हे खरे. परंतु दोन वर्षांपूर्वीपासून वाचता येत होते. या दोन वर्षांत त्यांनी ताटांचे तळ वाचले, लोणच्याच्या बरण्या वाचल्या, एका देशाच्या आयात-निर्यातीची पाने वाचली. हे चौदा कागद तेवढे वाचले नाहीत.

त्यांनी पाच चौकटी स्वतःच्या हाताने भरल्या. इंग्रजीत, एकेक अक्षर सुटे काढून. खोक्यावर डाग का आला? मी लावला. का लावला? त्या दिवशी आमच्यात हत्यारांची आणि पहिल्या मालाची पूजा करतात. नियम असताना का केली? मला नियम माहीत नव्हता. सही असून माहीत का नव्हता? सही केली तेव्हा मला वाचता येत नव्हते आणि मी ते लपवले. पाचवी चौकट बराच वेळ कोरी राहिली. शेवटी त्यांनी लिहिले: वाचता येऊ लागल्यावरही मी तो कागद मागितला नाही, कारण मागितला असता तर पूर्वी वाचला नव्हता हे कळले असते.

प्रकाशरावांनी शेजारी उभे राहून पाहिले. दुपारी कामावर जाताना त्यांनी शोभनाबाईंच्या पेल्यात न विचारता चहा ओतून ठेवला.

सोमवारी शोभनाबाईंनी कागद डेक्लन यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्याने वाचायला घेतला आणि चौथ्या चौकटीशी येऊन खुर्चीत बसले. पुन्हा पहिल्यापासून वाचला. सहा वर्षे तुम्ही एकही लेबल चुकवले नाही, असे ते म्हणाले. ते कसे काय केले, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. शोभनाबाईंनी खिडकीविषयी सांगितले. ते हसले, मग गंभीर झाले, आणि हे आपल्या एकट्याच्या हातात नाही असे त्यांनी सांगितले. पुठ्ठेवाल्याला मात्र त्यांनी तेथेच, शोभनाबाईंसमोर, फोन लावला.

तीन दिवस गेले. शोभनाबाई रोज कामावर गेल्या आणि रोज संध्याकाळी परतताना ही शेवटची खेप असेल असे समजून चालत आल्या. चौथ्या दिवशी निर्णय कळला. लेखी समज देण्यात आली. जावकेचे काम काढून घेण्यात आले. चौदाही कागद परीक्षकासमोर वाचून दाखवून प्रश्नांची उत्तरे देईपर्यंत त्यांनी आवक विभागात बसायचे, म्हणजे बाहेरून येणारा माल उतरवून, तपासून, नोंदवून घ्यायचा. वरच्या एका साहेबांचे मत काढूनच टाकावे असे होते. त्यांना वळवले ते पाचव्या चौकटीने, असे चैत्रालीने नंतर सांगितले.

आवक विभाग कारखान्याच्या मागच्या अंगाला, थंड आणि वाऱ्याचा. तेथे बदली म्हणजे शिक्षा, असा सर्वांचा समज होता. पहिल्या दिवशी शोभनाबाईंचाही होता. दुसऱ्या दिवशी एक लाकडी पेटी आली आणि तिच्यावर खिडकी होती.

तोवर त्यांनी तो देश फक्त घेताना पाहिला होता. आता त्या तो देताना पाहू लागल्या. पेटीत एक मोटर होती, नळी ओढणाऱ्या यंत्राची. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, प्रत्येक पिशवीवर क्रमांक. पेटीच्या अंगावर एक लहानशी काचेची पट्टी चिकटवलेली होती. चैत्रालीने समजावले की वाटेत पेटी आपटली तर ती पट्टी आतून लाल होते. लाल दिसली की माल घ्यायचा नाही. शोभनाबाई त्या पट्टीपुढे थबकल्या. त्यांच्या लेखी तांबडा ठिपका म्हणजे शुभ. त्या लोकांच्या लेखी खोक्यावरचा तांबडा ठिपका म्हणजे आत काहीतरी मोडले आहे.

हळूहळू त्या कागदावर बाण काढू लागल्या. नळी ओढायचे यंत्र जपानचे. प्लास्टिकचे दाणे दुसऱ्याच देशातून येत. नळी गॉलवेत तयार होई आणि परत जपानला जाई. मग त्यांचा जुना प्रश्न त्यांनी चैत्रालीपुढे ठेवला. तिने प्रामाणिकपणे सांगितले की पूर्ण उत्तर तिला माहीत नाही. तिकडे म्हातारी माणसे फार, त्यामुळे अशा नळ्या फार लागतात. आणि काही वस्तू त्यांनी स्वतः करायच्या ठरवल्या, काही इतरांकडून घ्यायच्या. शोभनाबाईंना हे उत्तर अर्धेच वाटले. माहेरच्या गल्लीत लोक घंगाळे करीत, परंतु कुलपे मात्र बाहेरून आणीत. का, हे तेव्हाही कोणी सांगितले नव्हते.

डिसेंबरमध्ये जपानी गिऱ्हाइकाचे उत्तर आले. मोरिता नावाच्या तपासनीस बाईंनी लिहिले होते की पाच उत्तरे मान्य आहेत, परंतु एक गोष्ट राहिली. पुढच्या वर्षी तो सण पुन्हा येईल. त्या दिवशी काय होईल?

कारखान्यातील सर्वांना वाटले की याचे उत्तर सोपे आहे: पूजा होणार नाही. डेक्लन तसे लिहूनही टाकणार होते. शोभनाबाईंनी त्यांना थांबवले. ते खोटे ठरेल, असे त्या म्हणाल्या. आणि खोट्यावर सही करणे त्यांनी आता बंद केले होते.

“मग काय लिहू?” डेक्लन यांनी विचारले.

“लिहा, पूजा होईल. हत्याराची होईल, आणि पुसून घेतली जाईल. खोक्याला हात लावणार नाही. माझे वडील भांड्याला बोट लावीत, कारण गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत ते भांडे त्यांचेच होते. ते खोके मी बांधले, पण माझे नव्हते. ते आधीपासून तुमचे होते, हे मला कळले नाही.”

डेक्लन यांनी हे तसेच्या तसे उतरवून घेतले. आठ दिवसांनी दोन ओळींत कळले की प्रकरण मिटले आहे.

जानेवारीत शोभनाबाईंनी परीक्षकासमोर चौदाही कागद वाचून दाखवले. त्याला तीन दिवसांच्या दुपारी लागल्या. अकराव्या कागदातील एक सूचना नवव्यातील सूचनेच्या विरुद्ध आहे, हे त्यांनी मध्येच दाखवून दिले, आणि परीक्षकाला ते लिहून घ्यावे लागले. त्यानंतर डेक्लन स्वतः मागच्या खोलीत आले. जावकेतील जुने टेबल त्यांच्यासाठी मोकळे आहे, सोमवारपासून या, असे त्यांनी सांगितले.

शोभनाबाईंनी आभार मानले आणि उन्हाळ्यापर्यंत आवक विभागातच राहता येईल का, असे विचारले. येथे थंडी वाजते, पाठ दुखते, हे त्यांनी नाकारले नाही.

“मग का?” डेक्लन म्हणाले, आणि विचारल्यावर त्यांचे त्यांनाच हसू आले.

शोभनाबाईंनी सांगितले की अजून अर्ध्याच पेट्या वाचून झाल्या आहेत. कोरियाच्या पेट्या नुकत्याच येऊ लागल्या आहेत, आणि त्यांच्या लेबलावर खिडकी नाही, गोल आहेत. त्या लोकांकडेही तेल नाही म्हणतात. ते काय घेतात आणि काय देतात, हे पाहिल्याशिवाय जावकेच्या टेबलावर लक्ष लागणार नाही.

डेक्लन यांनी ‘ग्रँड’, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘ठीक आहे’, असे म्हटले आणि ते निघून गेले. बाहेर मालमोटार मागे येत असल्याचा आवाज सुरू झाला होता. शोभनाबाईंनी चष्मा पुसला, यादीचा कागद फळीला लावला आणि दार वर केले.